शेतकऱ्याचा विजय कोणाचा? : ‘सेव्हन सामुराई’ ते ‘शोले’ – एका कथाबीजाचा ऐतिहासिक प्रवास

प्रस्तावना :

चित्रपट हे केवळ मनोरंजनाचे साधन नसून ते समकालीन समाजाचे ऐतिहासिक साधनही असते. एकच कथा निरनिराळ्या देशांत पुन्हा सांगितली जाते, तेव्हा तिच्यात झालेले बदल त्या त्या समाजाविषयी बरेच काही सांगून जातात. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४), त्यावर आधारलेला जॉन स्टर्जेस यांचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) आणि या परंपरेशी नाते सांगणारा रमेश सिप्पी यांचा ‘शोले’ (१९७५) या तीन चित्रपटांचा प्रस्तुत लेखात तौलनिक विचार केला आहे. दरोडेखोरांनी गांजलेल्या गावाला अखेर न्याय कोण मिळवून देतो, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मूळ जपानी चित्रपट :

‘सेव्हन सामुराई’ची कथा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवीच्या काळात घडते. पीक हाती येताच दरोडेखोर गावावर धाड घालणार, हे कळल्यावर शेतकरी बेकार सामुराईंच्या शोधात निघतात. मोबदला म्हणून त्यांच्याजवळ भाताखेरीज काहीही नसते. पुढे १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला आणि योद्धा व शेतकरी यांच्यातील भेद अधिक पक्का झाला. चित्रपटातील काळ हा या बदलाच्या उंबरठ्यावरचा आहे. शेतकऱ्यांनी पराभूत सामुराईंना मारून त्यांची चिलखते लपवून ठेवल्याचे उघड होते, तेव्हा दोन्ही वर्गांतील परस्पर अविश्वास स्पष्ट दिसतो. स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असलेला किकुचियो हा या दोन वर्गांमधील दुवा ठरतो. शेवटी सातांपैकी चार सामुराई मरतात. उरलेल्या तिघांचा नायक कांबेई, विजय आपला नसून शेतकऱ्यांचा आहे, असे मान्य करतो. गावकरी मात्र भातलावणीत दंग असतात.

या शेवटाला समकालीन संदर्भही आहे. जपानमधील दोस्त राष्ट्रांचा अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला. त्या अंमलाच्या काळातच जमीनसुधारणा होऊन असंख्य कुळे जमिनीची मालक झाली होती. त्या पार्श्वभूमीवर शेतकऱ्याला अंतिम विजेता ठरवणे प्रेक्षकांना विशेष अर्थपूर्ण वाटले असावे.

हॉलिवूडमधील रूपांतर :

कुरोसावांवर अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांचा, विशेषतः जॉन फोर्ड यांचा, प्रभाव होता. त्यामुळे ही कथा वेस्टर्नमध्ये परतली, असेही म्हणता येईल. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’च्या श्रेयनामावलीत मूळ जपानी चित्रपटाचा उल्लेख आहे. येथे गाव मेक्सिकन असून रक्षणकर्ते सीमेपलीकडून आलेले बंदूकधारी आहेत. त्यांचा मोबदला प्रत्येकी वीस डॉलर, म्हणजेच भाताची जागा रोख रकमेने घेतली. चित्रीकरण मेक्सिकोत झाल्याने तेथील सेन्सॉरची देखरेख होती. आपले शेतकरी दीनवाणे दिसू नयेत, असा तिचा कटाक्ष होता.

येथेही तिघेच जिवंत राहतात आणि विजय शेतकऱ्यांचा असल्याची कबुलीही येते. तथापि एक बदल महत्त्वाचा आहे. मूळ चित्रपटात तरुण सामुराई आणि शेतकऱ्याची मुलगी यांची ताटातूट होते, कारण वर्गभेद ओलांडता येत नाही. हॉलिवूडच्या चित्रपटातील चिको मात्र बंदूक सोडून गावातच राहतो. जपानमध्ये जन्माने ठरलेली वर्गरेषा अमेरिकन कथेत व्यक्तीच्या निवडीचा विषय बनते.

ऋणनिर्देशाचा प्रश्न :

प्रत्येक रूपांतर असे रीतसर झाले नाही. कुरोसावांच्या ‘योजिंबो’वरून (१९६१) सर्जिओ लिओने यांनी परवानगी न घेता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) काढला. तेव्हा तोहो कंपनीने हक्क सांगितला आणि अखेर तडजोडीत जागतिक उत्पन्नाचा पंधरा टक्के वाटा जपानी पक्षाला मिळाला. कथेचा प्रवास मुक्त असला तरी तिचे मूळ मान्य करणे ही नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

मुंबईतील अवतार :

हिंदी चित्रपटसृष्टीत नरेंद्र बेदी यांचा ‘खोटे सिक्के’ (१९७४), पुढे ‘शोले’ आणि राजकुमार संतोषी यांचा ‘चायना गेट’ (१९९८) यांत हे कथाबीज आढळते. ‘शोले’तील रामगढ कर्नाटकातील रामनगर येथे उभारले गेले, तर रेल्वेवरील हल्ल्याचे दृश्य पनवेलजवळ चित्रित झाले. कुरोसावांच्या चित्रपटात नसलेले हे दृश्य थेट वेस्टर्नचा वारसा सांगते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

सलीम-जावेद यांच्या पटकथेत मूलभूत फरक असा की, रक्षणकर्त्यांना गाव बोलावत नाही. माजी पोलीस अधिकारी असलेला ठाकूर वैयक्तिक सूडासाठी त्यांना आणतो. शेतकरी पार्श्वभूमीवर जातो. अहमदच्या हत्येनंतर गावकरी जय-वीरूला हाकलण्याची भाषा करतात, तेव्हा मुलगा गमावलेला अंध इमामच त्यांना धैर्य देतो. गावाचा नैतिक आवाज प्रामुख्याने या एकाच प्रसंगात ऐकू येतो.

मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. परंतु १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असे दाखवले गेले. २०२५ मध्ये पुनरुज्जीवित प्रत मूळ शेवटासह इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली.

समारोप :

जपानमध्ये न्यायाचे श्रेय शेतकऱ्याला, हॉलिवूडमध्ये शेतकऱ्याबरोबरच स्वेच्छेने उभ्या राहिलेल्या व्यक्तीला आणि प्रदर्शित ‘शोले’त राज्यसंस्थेला मिळाले. ‘शोले’चे दोन्ही शेवट शेजारी ठेवले तर वाद सूड आणि कायदा यांच्यातच उरतो, पेरणारा-कापणारा शेतकरी दोन्हींत नाही. ज्या कृषिप्रधान देशात ही कथा सर्वाधिक लोकप्रिय झाली, तेथेच तिचा मूळ नायक हरवला. चित्रपटाचा इतिहास अभ्यासताना ही विसंगती दुर्लक्षून चालणार नाही.