महामार्गावरची ‘गरमी’

सुरतेकडून निघालेला ट्रक धुळे, जळगाव, खामगाव, बाळापूर करत अकोल्यात येतो आणि पुढे मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूर, रायपूरमार्गे थेट कोलकात्याची वाट धरतो. या रस्त्याला आपण वऱ्हाडातली माणसं अजूनही ‘हायवे नंबर सहा’च म्हणतो. २०१० साली त्याचा क्रमांक ५३ झाला, पण तो काही आपल्या तोंडी बसला नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर अमरावती-अकोला दरम्यान पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर टाकलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. तो झाला वेगाचा विक्रम. मला मात्र बोलायचं आहे ते थांबलेल्या गाडीविषयी.

ट्रक सतत धावत असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा कितीतरी वेळ उभं राहण्यात जातो. कापसाच्या गाठी भरायच्या, डाळीची पोती उतरवायची, बिल्टी व्हायची, मग परतीचा माल मिळेपर्यंत थांबायचं. जकात होती तेव्हा नाक्यावरची रांग वेगळीच. घर सोडून तीन-तीन आठवडे झालेला ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा कोवळा क्लीनर या थांब्यांवर असतात. ढाबा, दारू आणि पोटासाठी उभ्या राहिलेल्या बायकाही तिथेच.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली ती १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाला. आफ्रिकेत मोंबासा ते कंपाला या मार्गावरच्या ट्रकवाल्यांचा अनुभव तेव्हा जगापुढे येत होता, त्यामुळे आपल्याकडेही नजर वळली ती ट्रककडे. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि काही वर्षांतच ‘ट्रक ड्रायव्हर’ व ‘एड्स’ हे शब्द जोडीने येऊ लागले. या जोडीने कामाला पैसा मिळाला हे खरं, पण एका अख्ख्या धंद्याला बट्टाही लागला. हे मला तेव्हाही खटकत होतं, आजही खटकतं.

ड्रायव्हरांमध्ये एक समज देशभर आढळला. इंजिनाची उष्णता अंगात भरते आणि ती संभोगाने बाहेर काढावी लागते, नाहीतर माणूस आजारी पडतो. आपल्या मराठीत तर याला भाषेचाच दुजोरा आहे. ‘गरमी’ म्हणजे उष्णता आणि ‘गरमी’ म्हणजे गुप्तरोगही. ‘गरमी-परमा’ हा जोडशब्द जुन्या माणसांना ठाऊक असेल. आता पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, इंजिनाशेजारी दहा तास बसलेल्या माणसाला हा समज पटकन पटतो यात नवल काय? खरी गंमत पुढे आहे. त्या उष्णतेने रोग होत नाही, पण केबिनमध्ये काचेखाली ठेवलेल्या निरोधाचं रबर मात्र खराब होतं आणि ते वापरताना फाटू शकतं. खोबरेल तेल लावलं तरीही तेच होतं.

निरोधाचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि गुप्तरोगांवरही उघडपणे लिहिलं. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. पुढे १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, तीन नग पंधरा पैशांना. चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांनीच तो गावोगाव पोचवला. लाल त्रिकोणाच्या त्या काळात निरोध ही संसारी माणसाची वस्तू होती. नवरा-बायकोंनी पाळणा लांबवायचा, एवढाच तिचा अर्थ.

एड्सने हा अर्थ उलटा केला. निरोध ‘बाहेरचा’ झाला. ढाब्यावर तो वापरायला शिकलेला ड्रायव्हर घरी वापरेना, कारण घरी तो काढणं म्हणजे न बोलता कबुली देणं. आणि बायकोने मागितला तर नवऱ्यावर संशय घेतल्यासारखं. याची किंमत पुण्यात मोजली गेली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या आणि वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण होती. यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता.

काम जिथे नीट झालं तिथे ते उपदेशाने झालं नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने निरोध वाटण्याचं काम धंदा करणाऱ्या बायकांच्याच हाती दिलं. गिऱ्हाईक कसं पटवायचं हे त्यांच्याहून कोणाला जास्त कळणार? २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम आला. त्याच्या मदतीने टीसीआय फाउंडेशनने ‘कवच’ प्रकल्प चालवला आणि गाड्या जिथे थांबतात तिथेच ‘खुशी’ नावाचे दवाखाने उघडले. ड्रायव्हरने जिल्हा रुग्णालयात यावं ही अपेक्षाच चुकीची होती. मालाची गाडी सोडून तो जाणार कसा? पुढे २०१६ च्या सुमारास ‘डिपर’ नावाचा निरोध निघाला. ट्रकच्या मागे लिहिलेलं ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ त्याच्या कामी आलं. हा विनोद ड्रायव्हरांच्या भाषेतला होता, म्हणून चालला.

नॅकोच्या पाहणीत २०१०-११ साली लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत लागणीचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या थोडं वर होतं, २०१७ मध्ये ०.८६ टक्के. देशातल्या प्रौढांचं प्रमाण मात्र त्या वर्षी ०.२२ होतं. म्हणजे धोका ओसरला, संपला नाही.

एप्रिल २००४ पासून सरकारी औषध मोफत मिळू लागलं. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. पण त्यासाठी आधी तपासणी हवी, आणि महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असलेल्या माणसाजवळ गोळ्यांचा पुरेसा साठा हवा. शिवाय आता थांबेही बदलत आहेत. जकात गेली, जीएसटी आला, नाक्यावरच्या रांगा गेल्या. समृद्धी महामार्ग अकोला जिल्ह्याला बाजूला ठेवून अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून निघून जातो. त्या रस्त्यावरचा ड्रायव्हर रात्री गाडी कुठे लावतो आणि तिथून सर्वात जवळचं तपासणी केंद्र किती किलोमीटरवर आहे, हे आता नव्याने मोजायला हवं. बाळापूर-मूर्तिजापूरच्या ढाब्यांची जुनी यादी त्यासाठी पुरणार नाही.