एसटीचा पेन्शनर : भविष्य निधीतील एका फटीचा इतिहास

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. ती शिरूरवरून गेली. भीमेपलीकडे, पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या यवत, भांडगाव, पाटस या गावांनाही पुढे एसटीने बाजारपेठ आणि शाळा जवळ आणून दिल्या. शिरूर आणि दौंड ही आगारे या टापूत अनेक घरांची चूल पेटवणारी ठरली. जिरायती शेतीच्या घरातला एक मुलगा चालक किंवा वाहक झाला की ते घर स्थिरावले, असे मानले जाई. मात्र हे स्थैर्य वयाच्या 58व्या वर्षापर्यंतचेच होते.

याचे मूळ एसटीच्या घडणीत आहे. 1950च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने ही सेवा स्वायत्त महामंडळाकडे आली. मालकी सरकारची, पण कर्मचारी सरकारी नव्हे. त्यामुळे तहसील कचेरीतल्या शिपायाला मिळणारे निवृत्तिवेतन वाहकाला लागू झाले नाही. त्याच्या वाट्याला 1952च्या कायद्याचा भविष्य निर्वाह निधी आला. 1971 साली त्याला कुटुंब निवृत्तिवेतनाची जोड मिळाली, तीही मुख्यतः कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार म्हणून.

16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली. तिचे गणित समजून घेतल्याशिवाय आजची तक्रार कळत नाही. कर्मचारी 12 टक्के भरतो आणि महामंडळही तेवढेच भरते. महामंडळाच्या हिश्शातील 8.33 टक्के निवृत्तिवेतनाच्या केंद्रीय निधीत जातात, केंद्र सरकार 1.16 टक्के घालते. पण हा हिशोब पूर्ण पगारावर नसून मर्यादेवर चालतो. ती मर्यादा आधी 5,000 रुपये, 2001 पासून 6,500 आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये झाली. पगार कितीही वाढला, तरी 2014 पूर्वीच्या दशकात दरमहा जेमतेम 541 रुपये या निधीत पडत होते.

सूत्र असे : निवृत्तिवेतनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. योजनेच्या आरंभी लागून 28 वर्षांनी निवृत्त झालेला वाहक घेऊ. 2014 पूर्वीची 19 वर्षे 6,500च्या मर्यादेने 1,764 रुपये देतात, नंतरची 9 वर्षे 15,000च्या मर्यादेने 1,929. बेरीज 3,693. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दलची दोन वर्षांची भर धरली, तरी आकडा सव्वाचार हजारांच्या आत राहतो. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान निवृत्तिवेतन 2014 पासून 1,000 रुपये आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने 2013 मध्येच 3,000 रुपयांची शिफारस केली होती. बुलढाण्यातून उभे राहिलेले निवृत्तांचे आंदोलन 7,500 रुपये आणि महागाई भत्ता मागते. 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण पगारावरील निवृत्तिवेतनाचा मार्ग काहींना मोकळा केला. पण त्यासाठी मागील फरक व्याजासह भरावा लागतो, म्हणजे हाती आलेली पुंजी पुन्हा निधीत घालावी लागते.

ऑक्टोबर 2021 अखेर सुरू होऊन एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या संपात शासनात विलीनीकरणाची मागणी का पेटली, हे येथे उमगते. ती नुसती पगाराची नव्हती, म्हातारपणाचीही होती. विलीनीकरण झाले नाही. दुसऱ्या राज्याचे उदाहरणही सावध करणारे आहे. तामिळनाडूने परिवहन कामगारांसाठी 1998 मध्ये स्वतंत्र निवृत्तिवेतन निधी काढला, पण तोट्यातल्या महामंडळांना तो पुरेसा भरता आला नाही आणि महागाई भत्त्याची थकबाकी हा तेथील निवृत्तांचा लढा बनला.

आपल्याकडे जून 2025 च्या श्वेतपत्रिकेने एसटीचा संचित तोटा 10,322 कोटी रुपये दाखवला आणि थकीत देण्यांत भविष्य निधी व उपदान यांचीही गणना केली. त्याच वर्षी मार्चचा पगार कर्मचाऱ्यांना आधी 56 टक्केच मिळाला होता. सवलतींची प्रतिपूर्ती लांबली की डिझेल थांबवता येत नाही. थांबवता येतो तो निधीचा भरणा, कारण त्याची झळ लगेच दिसत नाही.

निवृत्तिवेतन म्हणजे बक्षीस नव्हे, मागे ठेवलेला पगार आहे. 75 वर्षांवरील प्रवाशाला एसटी फुकट नेते, ही अभिमानाची गोष्ट. ती गाडी तीस वर्षे हाकणाऱ्या भांडगावच्या वा शिरूरच्या माणसाला औषधापुरते पैसे मिळावेत, एवढा हिशोब मात्र पाऊणशे वर्षांनंतरही जुळलेला नाही.