स्पायनलच्या सुईची कुळकथा

सिझेरियनच्या वेळी स्पायनल भूल द्यायला कमरेत जी सुई टोचतात, तिचं मूळ घराणं जर्मनीतल्या कील शहरातलं. १८९१ साली हाइनरिख क्विंके यांनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढायला तिरक्या धारेची पोकळ सुई वापरली. १८९८ मध्ये त्याच शहरात ऑगस्ट बिअर यांनी त्या वाटेने कोकेन आत सोडून रुग्णांचे पाय बधिर केले. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतला. सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई बरोबर टोचली, पण सिरिंज सुईच्या तोंडात नीट बसेना. कण्यातलं पाणी गळालं, कोकेनही सांडलं, भूल लागलीच नाही.

सिरिंज आणि सुईचा हा सांधा अजूनही दगा देतो. सिझेरियनला औषध लागतं जेमतेम दोन मिलिलिटर. सांध्यातून थोडं जरी गळलं, तरी भूल अर्धवट राहते आणि चिरा पडताना बाईला कळ जाणवते. म्हणून जाणता भूलतज्ज्ञ सिरिंज घट्ट बसल्याची खात्री करूनच दट्ट्या दाबतो.

बिअर पुढे कित्येक दिवस डोकेदुखीने आडवे होते. झोपलं की बरं, उठलं की ठणका. सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहिल्याचा तो परिणाम. तरुण बायकांना, त्यातही बाळंतिणींना हा त्रास जास्त. बाळाला पाजायला उठून बसायचं आणि डोकं वर धरवत नाही, हे हाल काय वर्णावेत! त्यामुळे सुईचं टोक बदललं ते मला या कुळातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. १९५१ मध्ये अमेरिकेत हार्ट आणि व्हिटेकर यांनी पेन्सिलीसारख्या बंद टोकाची, बाजूला छिद्र असलेली सुई आणली. डोकेदुखी खरोखरच घटली.

सुई बारीक होत गेली तशी नवी अडचण आली: ती वाकते, क्वचित तुटतेही. गरोदरपणात कमरेला सूज असली, मणके बोटांना लागत नसले की धोका वाढतो. म्हणून आधी जाड, आखूड पोकळ सुई, म्हणजे इंट्रोड्यूसर, घालतात आणि त्यातून बारीक सुई सरकवतात. हाड लागलं तर जोर करायचा नाही. दिशा बदलताना सुई आधी इंट्रोड्यूसरमध्ये ओढून घ्यायची. तुटलीच, तर बाईला शक्यतो हलू द्यायचं नाही, इंट्रोड्यूसर जागीच ठेवायचा. तुकडा हाताला लागला नाही तर एक्स-रे काढून शल्यविशारदांना बोलवायचं आणि बाईला झालेलं सगळं नीट सांगायचं.