सर्व्हरचे स्थितिदर्शक पृष्ठ : एक ऐतिहासिक टिपण

संस्थेचे सर्व्हर चालू आहेत की बंद पडले आहेत हे सांगणारे एक पान ठेवण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. हिरवा ठिपका दिसला म्हणजे यंत्र ठीक, तांबडा दिसला म्हणजे बिघाड, एवढ्यावर आपण समाधान मानतो. परंतु हा ठिपका कोण रंगवितो, कोठे बसून रंगवितो, आणि रंगविणाराच बंद पडला तर काय होते, हे प्रश्न जुने आहेत. ते ज्यांनी टाळले त्यांना त्याची किंमत मोजावी लागली आहे. प्रस्तुत टिपणात त्याच प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१९६९ च्या अखेरीस अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. त्यात प्रत्येक ठिकाणच्या मोठ्या संगणकापुढे संदेशांची ने-आण करणारे एक लहान यंत्र बसविलेले असे. त्यास इम्प म्हणत. ही यंत्रे तयार करणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे एक नियंत्रण केंद्र उभारले. प्रत्येक इम्प ठराविक काळाने आपला व आपणास जोडलेल्या तारांचा अहवाल तेथे पाठवी. या योजनेतील मर्म वरवर पाहता साधे आहे. बंद पडलेले यंत्र ‘मी बंद पडलो’ असे कळवू शकत नाही; तेव्हा अहवाल न येणे हीच बातमी मानावयाची, आणि शेजारच्या इम्पांनी आपल्या बाजूने पाठविलेल्या साक्षीवरून तिची शहानिशा करावयाची. या पद्धतीचा गुण असा की, दूरवरच्या तारेतील दोष केंब्रिजमधील मंडळींना टेलिफोन कंपनीच्याही आधी कळू लागला. शेकडो मैलांवरील तार नादुरुस्त असल्याचे हे लोक फोनवरून सांगत, तेव्हा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना प्रथम ते खरेच वाटत नसे!

मात्र स्थिती कळविणाऱ्या संदेशांचेच ओझे जाळ्यावर पडू शकते, हेही याच जाळ्याने दाखवून दिले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास निरुपयोगी झाले. संदेशांचे मार्ग ठरविण्यासाठी प्रत्येक इम्प आपल्या तारांची स्थिती इतरांस कळवीत असे, व कोणता संदेश नवा हे त्यावरील क्रमांकावरून ठरे. यंत्रातील बिघाडामुळे एका संदेशातील काही अंक गळाले आणि ८, ४० व ४४ अशा क्रमांकांच्या तीन प्रती फिरू लागल्या. हे क्रमांक ६३ पर्यंत जाऊन पुन्हा आरंभाकडे वळणारे होते. त्यामुळे ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा ठरे. त्या फेऱ्याला अंत नव्हता. अशा संदेशांना इतर कामांहून अग्रक्रम असल्याने इम्पांना दुसरे काही सुचेना.

१९८३ मधील बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीतील ‘आरहू’ ही सोय याच जातीची. पुढील आवृत्तीत तिचे रूप असे होते : प्रत्येक यंत्र दर तीन मिनिटांनी आपली स्थिती स्थानिक जाळ्यावरील सर्वांस ओरडून सांगे, आणि प्रत्येक जण ती आपापल्या तबकडीवर लिहून ठेवी. अकरा मिनिटे ज्याचा शब्द आला नाही तो बंद समजावयाचा. दहा यंत्रांत हे शोभले. शंभर यंत्रांत दर तीन मिनिटांना सुमारे १०,००० नोंदी होतात. तेव्हा पुष्कळ व्यवस्थापकांनी ही सोय बंदच ठेवली, यात नवल नाही.

‘हलके’ या विशेषणाचा खरा अर्थ मला टोबियास ओएटिकर यांच्या एमआरटीजीत दिसतो. १९९४ च्या सुमारास ते इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी तेथील तार सेकंदाला अवघ्या ६४ किलोबिटची. साहजिकच तिच्यावर किती भार आहे याची सर्वांस उत्सुकता. त्यांनी लिहिलेला कार्यक्रम दर पाच मिनिटांनी राउटरमधील मोजणी वाचे आणि वेब-पृष्ठावर आलेख काढून ठेवी. पाहणारे दहा असोत की हजार, राउटरला विचारणा पाच मिनिटांतून एकदाच. नोंदींची वहीही वाढत नसे. ताज्या नोंदी पाच मिनिटांच्या, त्यामागील अर्ध्या तासाच्या सरासरीच्या, त्याहून जुन्या दोन तासांच्या, आणि वर्षभराच्या आलेखासाठी दिवसाची एकच सरासरी. जुने जसजसे मागे पडते तसतसे ते पुसट होते, आपल्या स्मरणातही होते तसेच. १९९५ मध्ये हा कार्यक्रम सर्वांस खुला झाला. त्यानंतर आलेली कित्येक भारदस्त साधने पाहता, या काटकसरीची बरोबरी फार थोड्यांना साधली आहे असे म्हणावे लागते.

साक्षीदाराने आरोपीच्या घरी राहू नये, ही गोष्ट मात्र फार उशिरा, आणि फार मोठ्या संस्थेत, उघडी पडली. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील एस-थ्री या साठवण-सेवेत एका आज्ञेतील चुकीमुळे हेतूपेक्षा अधिक सर्व्हर काढले गेले. सेवा पूर्ववत् होण्यास चार तासांहून अधिक काळ लागला. अ‍ॅमेझॉनचे स्थितिदर्शक पृष्ठ मात्र सुमारे दोन तास सेवानिहाय खरी स्थिती दाखवू शकले नाही. कारण ते बदलण्याची व्यवस्थाच एस-थ्रीवर अवलंबून होती. कंपनीला ट्विटरवरून आणि पृष्ठावरील एका पट्टीतून खुलासा करावा लागला. पुढे तिने ती व्यवस्था अनेक प्रदेशांत विभागली.

विद्यापीठाच्या विभागात चार-पाच सर्व्हर असतात. त्यांच्यासाठी मोठी प्रणाली आणून तिच्या डेटाबेसची वेगळी राखण करीत बसणे मला अनाठायी वाटते. दुसऱ्या इमारतीतील, शक्य तर दुसऱ्याच जाळ्यावरील, एखाद्या यंत्राने दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरकडून एक खरे पान मागावे. नुसत्या पिंगला उत्तर आले म्हणजे ग्रंथालयाची सूची उघडते असे नव्हे. मिळालेल्या उत्तरावरून एक स्थिर एचटीएमएल फाइल लिहावी. तेवढ्यास शेलमधील लहानसा कार्यक्रम व क्रॉन पुरेसे होतात. धोका एकच राहतो : तपासणारे यंत्रच थांबले तर जुने हिरवे पान तसेच टिकून राहते. म्हणून पान केव्हा लिहिले गेले ती वेळ त्यावर ठळक असावी, आणि अकरा मिनिटे उलटून गेल्यास वाचकाच्या ब्राउझरनेच सर्व ठिपके करडे करावेत.