कडकट्ट ऐकणारा कान

१८५४ च्या मे महिन्यात आगगाडी ठाण्याच्या पुढे सरकून कल्याणला पोचली. त्याच वर्षी मुंबई, आग्रा आणि कलकत्ता ही शहरं तारेनं जोडली गेली आणि १८५५ च्या फेब्रुवारीत तारेची सोय सर्वांसाठी खुली झाली. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यानं वाफ आणि वीज ही दोन्ही एकापाठोपाठ पाहिली.

हिंदुस्थानात तारा उभारणाऱ्या विल्यम ओशॉनेसी यांचं सुरुवातीचं यंत्र डोळ्यांनी वाचायचं होतं. त्यातली सुई डावी-उजवीकडे हलायची. पुढे मोर्सचं यंत्र आलं, ते कागदाच्या पट्टीवर ठिपके आणि रेघा उमटवायचं. पण पट्टीवर नजर ठेवून काम करणाऱ्यांना हळूहळू उमगलं, की अक्षर कागदावर येण्याआधी कानावर येतं. मग पट्टी गेली आणि उरला तो ‘साउंडर’. त्याची पितळी दांडी खाली आदळली की एक टोला, वर उचलली गेली की दुसरा. दोन टोल्यांमधली फट आखूड असेल तर ठिपका, लांब असेल तर रेघ. म्हणजे तारबाबू आवाजापेक्षा आवाजांमधली शांतता मोजत असे! मराठी माणसानं या सगळ्याला सुटसुटीत नाव दिलं : कडकट्ट.

कल्याणच्या स्टेशनात या कानाची खरी कसोटी होती. बोरघाटातून पुण्याकडची वाट १८६३ मध्ये खुली झाली, थळघाटातून इगतपुरीकडची १८६५ मध्ये, आणि दोन्ही वाटा कल्याणलाच फुटत. पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे तारेवरून कळायचं. ऐकण्यात चूक झाली तर काय होईल, हे घाटाच्या पायथ्याशी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

घरोघरी मात्र ‘तार आली’ या दोन शब्दांनी काळजाचं पाणी होई. लिफाफा फोडण्याआधीच रडू फुटायचं.

ऐकण्याची ही नोकरी छंद कशी झाली, याचा एक धागा ठाण्यातूनच जातो. मर्फी रेडिओचा कारखाना इथे होता. जाहिरातीतलं मर्फीचं बाळ घराघरांत ओळखीचं झालं. रेडिओ बाळगायला परवाना लागे, त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. लघुलहरींवर सुई फिरवताना स्टेशनांच्या मधल्या जागेत मोर्सचे संदेश सापडत, पण साध्या रेडिओवर ते नुसते धपधप किंवा फुसफुस असे ऐकू येत. त्यात भाषणाचा किंवा गाण्याचा ध्वनी नसतो, असते ती फक्त चालू-बंद होणारी लहर. तिचा सूर काढायला रेडिओतच दुसरी लहर मिसळावी लागते. त्यावर हौशी लोकांची एक युक्ती आहे. शेजारी दुसरा रेडिओ ठेवायचा आणि तो हव्या त्या जागेच्या ४५५ किलोहर्ट्‌झ खाली लावायचा. त्याच्या आतल्या आंदोलकाची गळती पहिल्या रेडिओत शिरते आणि धपधपीची शिट्टी होते. एवढ्याशा युक्तीनं आकाश बोलू लागतं, हा आनंद कोणत्याही विकतच्या यंत्रात नाही.

शिकण्याची रीतही कानाचीच. ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करणारे बहुधा मध्येच अडकतात. ‘के’ हे अक्षर रेघ-ठिपका-रेघ म्हणून मोजायचं नसतं, ‘दाह-दि-दाह’ असा त्याचा ठेका ओळखायचा असतो, तबल्याचे बोल ओळखावेत तसा. भारतात हौशी म्हणजेच हॅम रेडिओच्या जनरल दर्जाच्या परवान्यासाठी मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. त्या वेगात एक ठिपका सुमारे सेकंदाच्या सातव्या हिश्शाइतका असतो. सरावलेले कान याच्या दुप्पट-तिप्पट वेगातही शब्दच्या शब्द उचलतात.

दरम्यान मोर्सच्या नोकऱ्या एकेक करून संपल्या. जहाजांची आणीबाणीची मोर्स व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांचाही आधार घेणाऱ्या नव्या यंत्रणेनं बाजूला सारली. २००३ मध्ये हौशी परवान्यासाठीची मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्तीही उठली. जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद झाली. तेव्हा तारघराबाहेर शेवटची तार पाठवायला रांगा लागल्या, पण त्याच्या कितीतरी आधीपासून टेलिप्रिंटर आणि संगणकांनी कडकट्ट थांबवली होती.

आज मोर्स जिवंत आहे ती हौशी लोकांमुळे. सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याच्या तळाशी संध्याकाळी कान लावला, तर दूरदेशीची माणसं भेटतात. डोंबिवलीतल्या दाट इमारतींत एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर आड येते आणि गच्चीवर अँटेनाची तार ताणायला सोसायटीची परवानगी लागते. तरी मोर्स उलगडणारं फोनवरचं ॲप जिथे गोंधळतं, तिथे सरावलेला कान खरखरीतून अक्षर वेचतो. मुंबई विमानतळाचा रेडिओ दिशादर्शक तर आजही आपली ओळख मोर्समध्येच सांगतो : बी, बी, बी.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत जुने रेल्वेचे, टपाल-तार खात्याचे लोक अजून आहेत. तुमच्या शेजारी असा कोणी तारबाबू असेल, तर त्याच्यापुढे बसा. टेबलावर पेन्सिलीनं त्याला स्वतःचं नाव वाजवायला सांगा आणि तेवढं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.