मेल्याची खात्री

डिसेंबर आला की आमच्या धरमपेठेत थंडी वाढते आणि सरकारी गाड्याही वाढतात. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा: वर्षातून निदान एक अधिवेशन इथे भरायचं. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, एरवी गाडा चालू आहे.

मला यात क्लस्टर दिसतो (ह. घ्या.). मुंबई एक नोड, नागपूर दुसरा, आणि अधिवेशन म्हणजे 'पॅकेज'. मुंबईत बंद झाल्यावरच ते इथे सुरू होतं. दोन्हीकडे एकदम कधीच नाही. हे 'कधीच नाही' मशीनकडून करून घ्यायला लोकांनी काय काय केलं, ते आज सांगतो.

पॅकेज हा शब्द एचपीच्या सर्व्हिसगार्डमधला. हे सॉफ्टवेअर १९९० पासूनचं, आधी एचपी-यूएक्सवर, मग लिनक्सवरही. प्रोग्रॅम, त्याची डिस्क, त्याचा आयपी पत्ता, सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि एक मशीन पडलं की गाठोडं दुसऱ्यावर उचलायचं. १९९९ मध्ये सॅपने आर/३ लिनक्सवर द्यायचं जाहीर केलं. कंपनीची बिलं, साठा, पगार असं सगळं लिनक्सवर येणार म्हटल्यावर ही गाठोडी तिथेही बांधणं भाग होतं.

दुसरं मशीन चालू करणं सोपं असतं हो. पहिलं खरंच मेलंय का, हे कळणं अवघड. दोन मशीन एकमेकांना सतत 'आहेस का?' विचारत असतात. उत्तर आलं नाही तर समोरचा मेला, की मधली वायर तुटली? दोघांनीही 'तो मेला' असं धरून एकच डिस्क लिहायला घेतली की डेटाची खिचडी. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात.

सर्व्हिसगार्डचा उपाय सभ्य होता. दोघांनी एका सामाईक डिस्कवरचं कुलूप पकडायला धावायचं. ज्याला मिळालं नाही, त्याने स्वतःच रीबूट व्हायचं. लिनक्सवाले जास्त संशयी. अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हार्टबीटपासून तिथे स्टोनिथ रुळलं. 'शूट द अदर नोड इन द हेड' याचं हे लघुरूप. समोरच्याची वीज तोडा, तुटल्याची पावती घ्या, मगच त्याचं काम हाती घ्या. २००४ मध्ये अँड्र्यू बीकॉफने सुरू केलेल्या पेसमेकरमध्येही हाच नियम आहे. सुसे आणि रेड हॅट आजही स्टोनिथशिवायच्या क्लस्टरला सपोर्ट देत नाहीत.

सॅपमध्ये आणखी एक गोम. दोघांनी एकच चलान एकदम बदलू नये म्हणून एन्क्यू सर्व्हर मेमरीत कुलुपं ठेवतो. त्यांची प्रत दुसऱ्या मशीनवर असते, आणि जुन्या पद्धतीत एन्क्यूला नेमकं त्याच मशीनवर उठावं लागायचं. २०१८ च्या एस/४हाना १८०९ पासून ती अट गेली.

हे सगळं मला पाठ होतं. तरी एका क्लायंटकडे टेस्टिंगच्या वेळी स्टोनिथ सारखं मशीन पाडायला लागलं म्हणून मी ते 'तात्पुरतं' बंद केलं. एक ओळ: स्टोनिथ-एनेबल्ड, फॉल्स. परत चालू करायचं राहून गेलं. तीन आठवड्यांनी मधला स्विच गेला आणि दोन्ही मशीननी तीच डिस्क माउंट केली. रात्री दोनला फोन आला. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, म्हणजे अख्ख्या दिवसाची चलानं गोदामातल्या लोकांनी कागद बघून पुन्हा भरली. त्यातले एक काका फोनवर एवढंच म्हणाले, "होते असं, साहेब." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहाटे बाबा उठले. "काय करून राहिला रे एवढ्या रात्रीचा?" त्यांना सगळं सांगितलं. तर म्हणाले, "म्हणजे माणूस मेला का नाही ते न पाहताच तेरावा उरकला तुम्ही!"

पस्तीस वर्षांचा इतिहास एका वाक्यात. असो. आता कुठलाही क्लस्टर सोपवण्याआधी मी स्वतः नेटवर्कची वायर उपटून बघतो. क्लायंट घाबरतो. घाबरू दे.