नाद आकड्याचा, नाद नामाचा



जुगार हे कलियुगाचे खूळ, असे आपण म्हणतो. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचेच दुःख सांगते. बायको दुरावली, आई झुरते, कर्ज वाढले. आता खेळायचे नाही असे तो ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी आला की पाय तिकडेच वळतात. सूक्त त्याला शेवटी शेती कर म्हणून सांगते.

आमच्या सातारा-सांगलीकडे शेतीनेच दगा दिला होता. माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके. इकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील आकड्यांवर पैजा लागत. १९६० नंतर लवकरच ते आकडे येईनासे झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. म्हणून नाव मटका. हिशेब पाहा : आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. तोटा त्यातच लिहिलेला. तरी घरापासून तुटलेला कामगार आकडा लावी. त्याच चाळींतून भजनी मंडळेही होती. ज्याला तिथे बोलावणारा कोणी भेटला, तो टाळ घेऊन बसला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढे कितीतरी जण रिकाम्या हातांनी गावी परतले.

आता आकडा मोबाइलमध्ये आला. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. कायदा हवाच. पण पोरगा खेळाकडे का गेला, हे घरच्यांनीच विचारायचे असते.

मीही ते विचारले नव्हते. कीर्तनात जुगाऱ्याची नक्कल करून मी पुष्कळ हशा मिळवला. एकदा सांगलीकडच्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर विशीतला मुलगा पाया पडला. म्हणाला, ''बुवा, वडील गेल्यापासून झोप नाही. मोबाइलवर रमी खेळतो तेवढा वेळ विसरायला होतं. आज सगळे हसले, तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगायचं?'' माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर ती नक्कल मी केली नाही.

तुकोबारायांचेही दिवाळे निघाले होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला. ते भंडारा डोंगरावर बसले, पण दुःख दडवले नाही. पांडुरंगाशी बोलले, भांडले, रडले.

म्हणून सांगतो, घरात असा मुलगा असेल तर कर्जाचा आकडा विचारण्याआधी, ''बाळा, मनात काय आहे?'' असे विचारा. त्याला हसू नका, एकटा सोडू नका. डॉक्टरांकडे न्या; १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की त्याला लोणंदपासून फलटणपर्यंत आपल्या दिंडीत, आपल्या शेजारी चालवा.

रामकृष्ण हरी.